कचऱ्याची भिशी

"मॅडम, आमच्या दुकानाचं नाव काढा त्या यादीतनं. आत्ताच्या आत्ता काढा."

भरतेश मगदूम दारातनंच बोलला. चपला काढायचंही भान नव्हतं त्याला, आणि आमच्या सर्व्हरच्या खोलीत चपला घालून आलेलं मला अजिबात खपत नसे. शनिवारची दुपार होती, कॉलेज अर्ध्या दिवसानं सुटलेलं. डबा उघडून पहिला घास तोंडात घालणार, तेवढ्यात हे.

"आधी चपला," मी म्हटलं. "मग बसा. मग बोला."

तो चपला काढून आला, पण बसला नाही. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. एरवी हा माणूस इतका सावकाश, की त्याचं एक वाक्य संपेपर्यंत चहा गार व्हावा. म्हणून मी डबा बाजूला सारला.

भरतेश म्हणजे सन्मतीचा थोरला भाऊ. इचलकरंजीत त्यांचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान, आणि दुकानामागंच घर. सन्मती आणि मी एकाच वर्षी कॉलेजात लागलो, एकाच खोलीत बसलो आणि बारा महिने भांडलो. कॉलेजची सगळी ईमेल आम्ही दोघं सांभाळायचो. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून येताना हायवेवर त्याच्या गाडीला अपघात झाला आणि तो गेला. एकतिसावं सरून बत्तिसावं लागलेलं, लग्नही झालं नव्हतं. त्याच्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलं नाही. फायली ठेवायची मी तिच्यावर.

तेव्हापासून भरतेश दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायचा. "आईनं दिलाय," एवढंच म्हणायचा, आणि मी चकली मोडेपर्यंत समोर उभा राहून बघायचा.

"कसली यादी?" मी विचारलं. तशी मला कळली होती, पण आमच्या यादीत मगदूमांचं दुकान? शक्यच नव्हतं.

"तुमची. ती भिशी."

ही भिशी सन्मतीच्याच डोक्यातनं निघालेली. त्या काळात स्पॅमनं नुसता उच्छाद मांडला होता. तुम्हाला लॉटरी लागली, टकलावर केस उगवतील, कुठल्याशा राजपुत्राची इस्टेट तुमच्या नावावर होणार! प्राध्यापक मंडळी सकाळी येऊन तासभर हाच केर काढत बसायची. सन्मतीनं आसपासच्या डझनभर कॉलेजांतल्या माझ्यासारख्या लोकांना गोळा केलं आणि म्हणाला, "भिशीत प्रत्येकजण पैसे टाकतो ना? आपण आपापला कचरा टाकायचा." म्हणजे आमच्या गाळणीत जो लबाड सापडला त्याचा पत्ता आम्ही भिशीत टाकायचा, की बाकीच्या सगळ्या कॉलेजांची दारं त्याला आपोआप बंद. त्यांना सापडला की आमची बंद. सगळे हसले होते, पण महिन्याभरात केर निम्म्यावर आला.

लबाड पकडायची त्याची युक्तीही भारी होती. जी माणसं नोकरी सोडून गेली, वारली, त्यांचे पत्ते बंद करायचे नाहीत. तसेच उघडे ठेवायचे, सापळा म्हणून. "जिवंत माणूस मेलेल्याला पत्र लिहीत नाही," सन्मती म्हणायचा. "लिहितं ते यंत्र. लिहिलं की धर त्याला."

गेल्या महिन्यात नव्या प्राचार्यांनी जुनी खाती साफ करायला सांगितली. सन्मतीचं खातं बंद करायला दोन वर्षं माझा हात धजला नव्हता. आतलं कधी उघडून पाहिलं नाही, दुसऱ्याची पत्रं वाचायची नाहीत हा आमचा दोघांचा नियम होता. मग म्हटलं, बंद करण्यापेक्षा सापळ्यात जाऊ दे. त्याचीच युक्ती, त्याचाच पत्ता. त्याला आवडलं असतं.

"अहो, तुमच्या दुकानाचं नाव तिथं कसं जाईल?" मी म्हटलं.

भरतेशनं खिशातनं घडी घातलेला कागद काढला. सकाळी त्यानं कराडजवळच्या एका कॉलेजला वर्कशॉपच्या बेअरिंगचं दरपत्रक पाठवलं होतं, ते परत आलं होतं. सोबत आमच्या भिशीचा निरोप:

"नमस्कार. तुमचं पत्र आम्ही पुढे पोचवलेलं नाही. तुमच्या पत्त्यावरून अशा व्यक्तीला पत्रं जात आहेत, जी आता आपल्यात नाही. म्हणून आम्ही तुम्हाला माणूस न समजता यंत्र समजलो. आमची चूक झाली असेल तर राग मानू नका, आम्हाला कळवा."

मेलेल्याच्या पत्त्यामुळं अडलेल्यांना जाणारा हा निरोप सन्मतीनं लिहिलेला. मूळचा इंग्रजीत यायचा, आकडे आणि अगम्य अक्षरं. सन्मती त्यावर भडकला होता. "एखाद्याचं पत्र चुकून अडलं तर त्या बिचाऱ्याला कारण नको कळायला? मराठीत लिहू. साध्या मराठीत." शुक्रवारी लिहिला तेव्हा त्यात "मयत व्यक्ती" असं होतं. सोमवारी आला तो "जी आता आपल्यात नाही" असं करून. मी म्हटलं, हे काय कीर्तन लावलंयस? तर म्हणाला, "गप गं. तज्ज्ञांचा सल्ला घेतलाय." सगळ्या कॉलेजांनी तो निरोप तसाच उचलला होता.

"व्हायरस शिरला असेल मॅडम," भरतेश म्हणाला. "कंप्युटरमधी. त्यानं पाठवलं असेल कायतरी."

मी नोंदी उघडल्या. त्याचं दुकान भिशीत टाकलं होतं ते आमच्याच सापळ्यानं.

"व्हायरस फक्त रविवारी शिरतो का हो तुमच्याकडं?" मी विचारलं. "आणि एकाच माणसाला लिहितो?"

"कुणाला?"

त्याला माहीत होतं. त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी मात्र ते नाव पुन्हा वाचलं.

"सन्मतीला," मी म्हटलं.

भरतेश खाली बसला. सन्मतीच्या खुर्चीवर, फायलींसकट. मी त्याला उठवलं नाही.

"आई लिहिती," तो म्हणाला. "दर रविवारी."

मला भडभडून आलं. "मग लिहू दे की हो. माणूस गेलं तरी बोलावंसं वाटतंच. त्यात लाजायचं काय? मी आत्ता काढते नाव."

"तसं नाही मॅडम. आईला ठाऊक नाही."

"काय ठाऊक नाही?"

"सन्मती गेला ते."

मी त्याच्याकडं बघत राहिले. वाटलं, हा काहीतरी चुकीचं बोलला, आता दुरुस्त करेल. त्यानं केलं नाही.

"दोन वर्षं?" माझा आवाज चिरकला. "भरतेशभाऊ, दोन वर्षं?"

"त्याच आठवड्यात तिचं बायपास झालं होतं, मिरजेला. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही कानावर घालू नका. म्हटलं चार दिवसांनी सांगू. तो तिला भेटायलाच यायला निघाला होता ना. ती विचारायला लागली, का आला नाही? मी म्हटलं, कॉलेजनं अचानक जर्मनीला पाठवलं. चार दिवसांचे चार महिने झाले. मग सांगायचं तरी कसं? चार महिने का लपवलंस म्हणाली तर मी काय सांगू?"

"आणि शेजारीपाजारी?"

"आख्खी गल्ली गप्प आहे. दूधवाल्यापासनं भाजीवालीपर्यंत. एकदा एक पाहुणा तिच्या कानाशी बोलायला लागला, तर शेजारच्या काकूंनी त्याच्या हातातली कपबशी पाडली."

"फोन?"

"आईला ऐकू कुठं येतं? कानाशी ओरडलं तर थोडंफार. फोनवर नाहीच. म्हणून तर सन्मतीनं तिला ईमेल शिकवलं. मराठी टायपिंग शिकली ती, सत्तराव्या वर्षी. दुकानातल्या कंप्युटरवर बसती, मी शेजारी असतो. त्याच्या कॉलेजच्या पत्त्यावर लिहिती, दोन अक्षरं दाबली की पत्ता आपोआप येतो."

"आणि उत्तरं?"

भरतेशनं मान खाली घातली. "मी लिहितो. दुसरं खातं काढलंय, सन्मतीच्या नावाचं. तिला काय, वर नाव दिसलं की झालं."

मला एकदम दिवाळीची आठवण झाली. दोन्ही वर्षी डब्याच्या कडीत पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे अडकलेले होते. मी नखानं काढून टाकले होते.

"तो फराळ," मी म्हटलं.

"जर्मनीला पाठवायचा म्हणून करती. कापडात शिवून, वर पत्ता घालून देती. मी वाटेत शिवण उसवतो." तो माझ्याकडं न बघता बोलत होता. "टाकवत नाही हो. म्हटलं, तो बसायचा तिथल्या माणसानं खाल्लं तर त्यालाच पोचल्यासारखं."

मी दोन वर्षं मेलेल्या माणसाचा फराळ खात होते. "मस्त झालंय म्हणून सांगा आईंना!" असं वर तोंडभरून म्हणत होते. माझ्यानं समोरच्या डब्याकडं बघवेना, झाकण लावलं.

"मग आता घाई कशाची?" मी विचारलं.

"उद्या अण्णामामाला पंचाहत्तर पूर्ण. आईचा थोरला भाऊ. कराडला असतो, त्याच कॉलेजातनं रिटायर झाला, मेल अजून तिथलंच. आई दोनच माणसांना लिहिती मॅडम, सन्मतीला आणि अण्णामामाला. उद्या सकाळी ती मामाला शुभेच्छा लिहिणार, ते पत्र परत येणार, आणि हे..." त्यानं कागदावर बोट आपटलं. "हे तीच पहिल्यांदा वाचणार! इंग्रजीत असतं तर मी काहीही थाप मारली असती. पण हे मराठीत आहे. बालवाडीतल्या पोराला कळेल असं मराठीत!"

मी आमच्याकडच्या यादीतनं नाव काढलं, त्याला क्षणही लागला नाही. पण कराडची यादी कराडची. तिथं धनवडे सर होते. मी फोन लावला.

"नाही जमणार मॅडम," धनवडे सर म्हणाले. "एकदा भिशीत पडलेलं नाव काढायला आणखी दोन कॉलेजांची संमती लागते. लेखी. सोमवारी बघू."

"सर, दुकान ओळखीतलं आहे."

"ओळखीतलं आहे म्हणूनच तर नियम आहे. चेअरमनच्या मेव्हण्याची जाहिरात अडली तेव्हा केवढा तमाशा झाला होता, विसरलात? ओळखीनं नाव निघणार नाही. सन्मतीनंच घातलाय हा नियम."

"सर, सन्मतीच्या घरचंच दुकान आहे ते!"

"मग तर मुळीच नाही. उद्या लोक काय म्हणतील?"

माझं डोकं फिरलं. मी भरतेशकडं पाहिलं. त्यानं हात जोडले, सांगा म्हणून. मग मी सगळं सांगितलं, अक्षरशः ओरडून.

"माऊली अजून..." धनवडे सर म्हणाले आणि थांबले. त्यांच्या मागं बटणांचा आवाज आला. "काढलं. नियम गेला खड्ड्यात. मॅडम, हे आधी नाही का सांगायचं?"

मी फोन ठेवला आणि भरतेशला मान हलवून खूण केली. त्याचा जीव भांड्यात पडला. डोळे मिटून तो खुर्चीत मागं रेलला. मी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. "खा. आणि पुढच्या आठवड्यात जाऊन सांगा त्यांना. मी येते हवं तर. किती दिवस चालवणार हे?"

"सांगणार," तो म्हणाला. "दिवाळी झाली की सांगतो."

"दिवाळी नाही! पुढच्या आठवड्यात."

तो तुकडा मोडणार एवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. त्रिशलावहिनी, त्याची बायको. तिचं रडणं मला टेबलाच्या अलीकडं ऐकू आलं.

"अहो, लवकर या. आईंनी मेल पाठवलं. उद्या सकाळी पहिलं त्यांचंच पोचलं पाहिजे म्हणून आजच लिहिलं. तुमची खुर्ची रिकामी होती, म्हणाल्या आज मी एकटी करते. मला काय माहीत हो? मीच चालू करून दिला कंप्युटर!"

"आणि?"

"परत आलं. त्यांनी वाचलं. रडतायत."

भरतेश इथं येऊन जी खुर्ची रिकामी ठेवून बसला होता, त्याच खुर्चीवर ती जाऊन बसली होती. आम्ही धनवडे सरांशी हुज्जत घालत होतो तेवढ्यात.

मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. का गेले, मला आजही धड सांगता येणार नाही. डबा उघडा, खोलीला कुलूप नाही, तशीच निघाले. सगळ्या वाटेत तो एकदाच बोलला. "तिला काही झालं तर माझ्यामुळं झालं." मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. दुसरं काय करणार?

दुकानापुढं पंधरावीस माणसं जमलेली. आत खुर्चीवर बारीकशी, चष्मा लावलेली बाई कपाळावर हात मारून घेत होती.

"अण्णा गेला गं! माझा अण्णा गेला! उद्या पंचाहत्तर पुरी झाली असती, एक दिवस थांबला नाही!"

भरतेश उंबऱ्यातच थबकला. "अण्णा?"

त्रिशलावहिनी धावत आल्या आणि त्याला बाजूला घेऊन कुजबुजल्या. "मामांना लिहिलेलं परत आलं ना, म्हणून त्यांना वाटतंय मामाच गेले. मी कानाशी ओरडून सांगतेय मामा बरे आहेत, तर विश्वास बसत नाही."

मी भरतेशचं तोंड पाहिलं. आई ऊर बडवतीय आणि त्याच्या तोंडावर आनंद! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मलाही हायसं वाटलं. सुटलो, असंच वाटलं.

त्यानं मामांना फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन आईच्या कानाला लावला. फोनमधनं म्हातारा बेंबीच्या देठापासनं ओरडला, "पद्मा! ए पद्मा! जिवंत हाय मी! जेवून आडवा झालोय!"

ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असेल. पद्माबाईंचा हात कपाळाशीच राहिला. "अण्णा? खरंच तू का रे?"

"मग काय माझं भूत बोलतंय? उद्या जेवायला ये, बासुंदी आहे!"

तिला किती ऐकू आलं कोण जाणे, पण भावाचा आवाज ओळखीचा होता. ती रडता रडता हसायला लागली. सगळी गल्ली हसली. कुणीतरी म्हणालं, "खोटी बातमी उठली, आता मामा शंभरी गाठतात बघा!" एका बाईनं तिच्या डोळ्यांवरनं पदर फिरवला. बघता बघता माणसं पांगली. त्रिशलावहिनी चहा टाकायला आत गेल्या. भरतेशनं कपाळ पुसलं आणि पडद्यावरचा तो निरोप पुसून टाकायला हात पुढं केला.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब."

चष्मा सारखा करून ती पडद्याकडं वाकली. एकेक शब्दावर बोट ठेवत तिनं तो निरोप मोठ्यानं वाचला, ऐकू न येणारी माणसं वाचतात तशी, खणखणीत आवाजात. "अशा व्यक्तीला पत्रं जात आहेत, जी आता आपल्यात नाही."

मग तिनं भरतेशकडं पाहिलं. "अण्णा तर आहे."

"मशिनची चूक आहे आई!" तो तिच्या कानाशी ओरडला. "मशिन कायपण लिहितं!"

"हे मशिननं लिहिलेलं नाही. सन्मतीनं लिहिलंय."

तिचं बरोबर होतं. भरतेशला काही उमगलं नाही, तो माझ्याकडं बघायला लागला.

"मला वाचायला दिलं होतं त्यानं," ती म्हणाली. "इथं बसूनच. आई, तुला कळतंय का बघ म्हणाला, तुला कळलं म्हणजे सगळ्यांना कळेल. त्यात 'मयत' लिहिलं होतं मेल्यानं. मी म्हटलं, मयत काय लिहितोस, वाचणाऱ्याला धस्स होईल. आता आपल्यात नाही, असं लिही. माझ्यासमोर खोडून तसं केलं." तिनं पडद्यावरच्या त्या शब्दांवर पुन्हा बोट टेकलं. "तो उगाच कायपण लिहिणार नाही."

"आई, ऐक माझं..."

"मी पत्रं दोघांनाच लिहिते भरतेश. अण्णाला आणि सन्मतीला." तिचा आवाज जराही कापला नाही. "अण्णा आहे."

भरतेश जमिनीवर बसला. मांडी घालून नाही, कोसळूनच. त्यानं तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवलं. एवढा मोठा बाप्या, डोक्यावर टक्कल पडलेलं, आणि हंबरडा फोडून रडायला लागला. दोन वर्षं त्याला भावासाठी मोकळं रडता आलं नव्हतं, तेही मला तेव्हाच कळलं. आत कपबशी खळकन फुटली.

ती रडली नाही. भरतेशच्या डोक्यावर हात फिरवत बसली आणि समोर बघत राहिली. मला भीती वाटायला लागली. छातीवर चिरा पडलेली बाई, काही बोलेना, रडेना. डॉक्टरला बोलवावं का, रिक्षा आणावी का, मला काही सुचेना.

मग तिची नजर माझ्यावर आली.

"तू कोण गं?"

तोंडानं सांगून तिला ऐकू येणार नव्हतं. मी कीबोर्ड ओढला आणि मोठ्या अक्षरांत टाइप केलं: मी प्रफुल्ला. सन्मतीच्या शेजारी बसायची. कॉलेजात.

तिनं वाचलं. "भांडायचीस ती?"

मी मान डोलावली.

"कधी गेला?"

मी तारीख टाइप केली. ती कितीतरी वेळ त्या तारखेकडं बघत होती. ओठ हलत होते, मनात काहीतरी मोजत असावी.

"तेव्हा मी मिरजेला होते," ती म्हणाली. "मग त्यानंतर मी दिवाळी केली. दोनदा. दारात रांगोळी काढली. नवं लुगडं नेसले." ती थांबली. "फराळ केला त्याला. तो कुणी खाल्ला?"

भरतेशनं डोकं वर केलं नाही. त्रिशलावहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी तोंडात पदर कोंबला होता. आता कुणीतरी काहीतरी सांगायला हवं होतं.

मी, असं मी टाइप केलं.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत. मला वाटलं आता ही मला हाकलून देणार. तिनं हाकललं असतं तर मी गेलेही असते.

"अनारसे कसे झाले होते?" तिनं विचारलं. "खरं सांग बाळ. मला दोन वर्षं कुणी काही खरं सांगितलेलं नाही."

मग मी लिहिलं: गेल्या वर्षीचे चांगले होते. त्याआधीचे कडक झाले होते. दात दुखले.

ती वाकली. बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला.

"वाटलंच होतं मला. पीठ कोरडं पडलं होतं," ती म्हणाली. "आणि त्यानं जर्मनीहून लिहिलं, मस्त झालेत! माझा सन्मती असता तर म्हणाला असता, आई, हे खायचे की यंत्रमागाला लावायचे?"

एवढं बोलून ती हसली, आणि हसता हसताच तिचं तोंड वेडंवाकडं झालं. पडद्यावरच्या माझ्या त्या ओळीवर तिनं पालथा हात ठेवला आणि मोठ्यानं रडायला लागली.